बटाट्याच्या प्रयोगात एक आकडा विचित्र आलाय, रिपोर्टात बदलू का?

ऋतुजा_इंदूर
नमस्कार. बीएस्सी प्रथम वर्ष, बायो. परासरणाचा (पेशीच्या पडद्यातून पाणी आत-बाहेर होण्याचा) नेहमीचाच प्रयोग होता. बटाट्याच्या कांड्या कापून साखरेच्या वेगवेगळ्या द्रावणांत तासभर ठेवायच्या, आधी आणि नंतर वजन करायचं. वजनातला सरासरी फरक असा आला: साध्या पाण्यात +१२ टक्के, ०.२ मोलरमध्ये (मोलर म्हणजे द्रावण किती तीव्र त्याचं माप) +४, ०.४ मध्ये −७, ०.६ मध्ये −६ (!), ०.८ मध्ये −१५.
ते −६ कुठून आलं कळत नाही. मैत्रीण म्हणते −११ लिहून मोकळी हो. मागच्या फाइलवर सरांनी फक्त ‘हे पुस्तकातलं झालं, तुझं काय?’ एवढंच लिहून परत दिली होती. म्हणजे नक्की काय हवं असतं? सोमवारी सबमिशन आहे.

सुदामानगरवाला
बदलून टाक बिनधास्त. आमच्या बॅचने हेच केलं. ग्राफ झकास काढ, आकृतीची नावं पेन्सिलीने, मार्क त्यालाच असतात.

निवृत्त_बाई
अरे सुदामानगरवाल्या, तुझ्यासारख्यांच्याच फायली तपासण्यात माझी नोकरी गेली. बदललेले आकडे ओळखायला फार अक्कल लागत नाही. अख्ख्या वर्गाचा ग्राफ पट्टीने ओढल्यासारखा सरळ येतो.

ऋतुजा, −६ तसाच राहू दे. सर ‘तुझं काय’ विचारतात ना, ते हेच. बाकीचे चार आकडे कुठल्याही वहीत सापडतील.

आता कच्च्या नोंदी काढ. दर बीकरमध्ये किती कांड्या होत्या? तीन असतील तर तिन्हींचे आकडे तक्त्यात दे, नुसती सरासरी नको. आणि पद्धत लिहिताना ‘बटाटा घ्यावा, कापावा’ असलं काही नको, तू काय केलंस ते लिही: कांडी किती लांब, साल पूर्ण काढली का, वजनाआधी टिपकागदाने टिपली का. अडीच ग्रॅमच्या कांडीवर पाव ग्रॅम पाणी चिकटून राहिलं तर दहा टक्के तिथेच फिरले.

बटाटा कुठला तेही लिही. आपल्या माळव्यात चिप्सचा बटाटा वेगळा, भाजीचा वेगळा. चोइथराम मंडीत दोन्ही मिळतात. शीतगृहातून आलेला असेल तर थंडीत स्टार्चची थोडी साखर झालेली असते, पेशीतला रस दाट होतो आणि शून्याचा बिंदू, म्हणजे ज्या द्रावणात वजन बदलतच नाही तो, पुढे सरकतो. एवढं एक वाक्य चर्चेत आलं तरी तपासणारा सरसावून बसतो.

साखर कशी मोजलीस? ०.६ मोलरचं १०० मिली म्हणजे २०.५ ग्रॅम साखर, पण पाणी घालत एकूण १०० मिलीपर्यंत न्यायचं. साखरेवर १०० मिली पाणी ओतलं तर द्रावण साधारण ११३ मिली होतं, म्हणजे ०.५३ मोलर. त्याने तुझा आकडा एवढा हलणार नाही, पण व्हायवात हमखास विचारतात.

‘परासरण सिद्ध झाले’ हा निष्कर्ष नव्हे, ते आधीच सिद्ध आहे. तुझी रेघ ०.२ आणि ०.४ च्या मध्ये, साधारण ०.२७ मोलरला शून्य ओलांडते. २७ अंश सेल्सिअसला त्या द्रावणाचं जलविभव, म्हणजे पाणी कुठल्या बाजूला जाईल ते ठरवणारं माप, सुमारे −६.७ बार. तुझ्या बटाट्याच्या पेशींचं जलविभव तेवढंच, कारण तिथे पाणी ना आत जातं ना बाहेर. गणित मांडून दाखव. लॅबचं तापमान टिपलं असशील तर तेच घाल.

ऋतुजा_इंदूर
बाई, खूप खूप आभार! वही बघितली. ०.६ च्या कांड्या −१०, −९ आणि +१. तापमान २७ च होतं. ती तिसरी सोडून सरासरी काढली तर चालेल? टिपली नसेल बहुतेक, शेवटी घाई झाली होती.

निवृत्त_बाई
सोडायची नाही. तक्त्यात तिन्ही राहतील. सरासरी दोन्ही काढ, तिघींची −६ आणि दोघींची −९.५, ग्राफवर दोन्ही बिंदू दे आणि खाली कारण लिही. टिपली नाही अशी नोंद वहीत नसेल तर ‘टिपली नाही’ असं ठामपणे लिहू नकोस, ‘शक्यता आहे’ इतकंच.
शनिवारी लॅब उघडी असेल तर लॅब असिस्टंटना विचारून ०.६ चा एकच बीकर पुन्हा लाव. नवे आकडे जुन्यांच्या जागी घालायचे नाहीत, वेगळी ओळ, तारखेसकट.

सुदामानगरवाला
बाई, आमच्या व्हायवाला तुम्ही नव्हतात हे आमचं नशीब.

ऋतुजा_इंदूर
असिस्टंट दादांना फोन केला, शनिवारी अकराला या म्हणाले. पण बटाटा आता दुसरा असेल, चालेल ना?

निवृत्त_बाई
चालेल, पण मग नुसतं ०.६ लावून भागणार नाही. त्याच बटाट्याच्या कांड्या ०.४ मध्येही लाव, म्हणजे तुलना करता येईल. दोन्हीकडे वेळ तासभरच.