यूकेत नर्सची नोकरी: एजंटला साडेतीन लाख द्यावेत की स्वतः अर्ज करावा?

डिचोलीची_लेक: बीएस्सी नर्सिंग झालंय, चार वर्षं बांबोळीला वॉर्ड ड्युटी करते. घरी नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा. म्हापशातला एक एजंट ‘स्पॉन्सरशिपसकट’ साडेतीन लाख मागतो. माझ्याकडे दीड लाख आहेत, कर्ज काढणार नाही. कोणी स्वतः केलंय का?

तारवटी_पेडणे: मी १२ वर्षं क्रूझवर आहे. एजंटला चार लाख दिले आणि पहिल्याच काँट्रॅक्टमध्ये वसूल केले. पाच लाखांची सोय करून ठेवा.

मडगावची_वहिनी: आजोबांचा जन्म गोव्यातला आणि गोवा मुक्तीच्या, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या, आधीचा असेल तर पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे लागा. आमच्या घरात चौघांनी काढला.

सत्तरीकर: वहिनी, ब्रेक्झिटनंतर, म्हणजे यूके युरोपियन युनियनबाहेर पडल्यावर, त्या पासपोर्टवर यूकेत नव्याने जाणाऱ्याला नोकरीसाठी व्हिसा लागतोच. वर भारताचं नागरिकत्व जातं.

मडगावची_वहिनी: जातं तर ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळतं. माझी जाऊ दर गणेश चवथीला येते, तिचं काय अडलंय?

सत्तरीकर: ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही. मतदान नाही. आमची कुळागरं, सुपारी-नारळाच्या बागा, बाहेर गेली ती अशीच.

वॉर्ड_सात: जमिनीचं राहू द्या, ती नर्स आहे! बाय, मी २०२३ मध्ये स्वतः अर्ज करून आले. व्हिसाला लागणारं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हॉस्पिटल देतं, ती विकत घ्यायची वस्तू नव्हे. हॉस्पिटलचं नाव ब्रिटिश सरकारच्या स्पॉन्सर यादीत आहे का ते आधी बघ, यादी सगळ्यांना खुली आहे. आधी ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा, दे: रायटिंगला सी प्लस, बाकी तिन्हींत बी. मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची नर्सिंगची परीक्षा, माझ्या वेळी ८३ पौंड होते. ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा इथे आल्यावर, ती फी माझ्या हॉस्पिटलने भरली. हेल्थ अँड केअर व्हिसावर वर्षाचा १०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार लागत नाही.

माझं अडलं ते नावावर. नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. सह्या केल्याचा, म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा, दाखला वेळेत जोडला नाही म्हणून दोन महिने वाया गेले. तो आजच शोधून ठेव. टीबीची तपासणीही लागेल. आणि पहिलं वर्ष एकटी ये, मुलाला आईकडे ठेव.

फोंड्याचा_फार्मासिस्ट: एजंटला पैसे देऊ नका. जर्मनीला जा, मी जर्मन भाषेची बी-टू पातळी करतोय.

तारवटी_पेडणे: भाषा शिकण्यात वर्षं घालवायची? एजंट बरा.

डिचोलीची_लेक: सगळ्यांचे आभार. एजंटला काल नाही म्हणून कळवलं. पासपोर्टचा विचार नाही, नाईट ड्युटी करून जर्मन जमणार नाही. वॉर्ड_सात ताई, तुमचं एवढं एकच ऐकत नाही. केअर वर्करना, म्हणजे देखभालीचं काम करणाऱ्यांना, ११ मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही, पण नर्सना येतं. तिघांच्या व्हिसाचे पैसे जमेपर्यंत थांबेन, वर्ष गेलं तरी चालेल. मुलाला सोडून जाणार नाही.

दाखला आईच्या ट्रंकेत सापडला, घडीवर फाटलाय पण शिक्का दिसतो. आज ओईटीच्या रायटिंगच्या सरावाचं पहिलं रेफरल लेटर, म्हणजे पेशंटला पुढे पाठवतानाचं पत्र, लिहिलं. दोनशेच्या आत हवं, २६० शब्द झाले. कोणी तपासून द्याल का?