ऑफिसच्या कॉम्प्युटरचं परत तेच

सोमवार

देसाई (सेक्रेटरी), ९:१२
नमस्कार. सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर आज परत गेला. काल रात्री स्लीपवर टाकून आलो होतो, सकाळी माऊस हलवला तर दिवे लागले, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच, मिनिटभराने निळी. काल रात्री बसून केलेल्या पावत्यांच्या नोंदी गेल्या. पंधरा दिवसांत ही पाचवी वेळ. मी कोणाचं नाव घेत नाही पण डिस्क बदलल्यापासून हे सुरू झालंय हे सगळ्यांना माहीत आहे.

समीर सी-२०४, ९:१५
नाव न घेता अख्ख्या ग्रुपला ऐकू गेलं काका

निनाद डी-४०३, ९:२१
मीच बसवली एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क, लपवायचं काय त्यात. फुकट बसवली, रविवार घालवून. आधी हिशोबाची फाइल उघडायला चार मिनिटं लागायची ते विसरले सगळे.

साठे (खजिनदार), ९:२६
चार मिनिटं लागायची पण उघडायची. जुनी हार्ड डिस्क आठ वर्षं चालली. मी मीटिंगमध्ये तेव्हाच बोललो होतो, इतिवृत्तात आहे. असो.

लता काकू बी-१०४, ९:२८
त्या गेलेल्या नोंदीत माझी पावती होती का? मी काल पैसे दिलेत. बोर्डावर थकबाकीत माझं नाव आहे.

मुग्धा ए-३०३, ९:३०
देसाई काका, निळ्या स्क्रीनवर खाली इंग्रजीत काय लिहून येतं? शेवटची एक ओळ असते, स्टॉप कोड म्हणून.

गोखले आजोबा, ९:३३
डीफ्रॅग करा, डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावा. बँकेत आम्ही दर शनिवारी करायचो. कधी तक्रार नाही.

समीर सी-२०४, ९:३४
आमच्याकडे पण एकजण झोपेतून उठले की अर्धा तास काळी स्क्रीन असते, डीफ्रॅगचा उपयोग होईल का विचारतोय

हा मेसेज डिलीट केला गेला

समीर सी-२०४, ९:३६
सॉरी, बाबा ग्रुपवर आहेत विसरलो

देसाई (सेक्रेटरी), ९:४०
कृपया विषयावर राहा. मुग्धा, मी वाचत बसलो नाही, रागात रीस्टार्टचं बटण दाबलं. मग काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं. मागचं बटण बंद करून दोन मिनिटांनी लावलं तेव्हा छान चालू झाला, जसं काही झालंच नाही.

मुग्धा ए-३०३, ९:४९
हे फार कामाचं सांगितलंत. रीस्टार्ट केल्यावर डिस्क सापडत नाही आणि पूर्ण वीज तोडून लावली की सापडते म्हणजे डिस्कच अडकून बसलेली असते. रीस्टार्टमध्ये एसएसडीची वीज जात नाही, त्यामुळे ती अडकलेलीच राहते. होतं असं की स्लीपमध्ये वीज फक्त रॅमला, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या मेमरीला असते, डिस्कची बंद. उठताना एसएसडीचा आतला छोटा प्रोसेसर पहिल्यापासून सुरू व्हावा लागतो आणि विंडोजला वाटत असतं की सगळं कालच्यासारखं जागच्या जागी आहे, ते डिस्ककडे काहीतरी मागतं आणि समोरून उत्तरच येत नाही. तरी पुढच्या वेळी स्टॉप कोडचा फोटो काढा प्लीज, अजून दुसरंही कारण असू शकतं.

साठे (खजिनदार), ९:५२
म्हणजे एसएसडीच.

निनाद डी-४०३, ९:५३
म्हणजे "दुसरंही कारण असू शकतं" हे वाचा काका

साठे (खजिनदार), ९:५५
वाचतो हो सगळं. खजिनदाराला वाचावंच लागतं.

निनाद डी-४०३, १०:१०
मी डंप फाइल (क्रॅश झाला की विंडोज लिहून ठेवतं ती) शोधायला गेलो होतो, एकही नाहीये. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नुसत्या ४१ नंबरच्या नोंदी. इतके क्रॅश झाले असतील तर डंप पाहिजेत ना? मला तर वाटतं वीज जाते.

मुग्धा ए-३०३, १०:१४
डंप लिहायचा कुठे, त्याच डिस्कवर ना? ती हजर नसेल तर लिहिणार कोण. आणि ४१ चा अर्थ इतकाच की मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं. वीज गेली तरी ४१, निळी स्क्रीन येऊन अडकलं तरी ४१, कोणी बटण दाबलं तरी ४१. कारण त्यात नसतं. त्यापेक्षा १२९ नंबर शोध, डिस्कला रीसेट पाठवल्याची नोंद असते ती. ज्या दिवशी थोडं अडकून मग स्वतःच सावरलं असेल त्या दिवसाची मिळेल.

गोखले आजोबा, १०:२०
डीफ्रॅग केलं का कोणी?

मुग्धा ए-३०३, १०:२२
आजोबा, एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे तुकडे एकत्र करून वेग वाढत नाही, उलट लिहिण्याची झीज होते. विंडोज तिला ट्रिम पाठवतं, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली ते कळवतं, तेवढं पुरतं.

गोखले आजोबा, १०:२३
बरं. पण एकदा करून बघायला हरकत नाही.

लता काकू बी-१०४, १०:३१
माझी पावती?

निनाद डी-४०३, ११:०५
१२९ दोन सापडल्या, दोन्ही सकाळी पावणेनऊच्या आसपास. स्मार्ट रिपोर्ट, डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते तो, पण काढला. सीआरसी एरर (केबलमधून जाताना डेटा बिघडल्याच्या नोंदी) शून्य आहेत, म्हणजे केबल ठीक असावी, तरी मी केबल बदलली. अनसेफ शटडाउनचा, म्हणजे डिस्कची वीज अचानक गेल्याचा, आकडा मात्र ४० च्या वर आहे.

मुग्धा ए-३०३, ११:०९
केबल का बदललीस? शून्य आहे म्हणतोस ना

निनाद डी-४०३, ११:०९
हाताशी होती

मुग्धा ए-३०३, ११:१२
४०?? डिस्क बसवून तीन महिने झाले आणि देसाई काका म्हणतात पंधरा दिवसांत पाच वेळा. बाकीचे कुठून आले? काका, दर वेळी निळी स्क्रीनच येते का?

देसाई (सेक्रेटरी), ११:३०
नाही. कधी निळी. कधी कधी तर मला सरळ कंपनीचा लोगो येऊन पहिल्यापासून सुरू झालेला दिसतो, जणू बंदच केला होता. फाइल मात्र बंद झालेली, रात्रीचं काम गेलेलं. मला ते एकच वाटत होतं.

मुग्धा ए-३०३, ११:३२
हे दोन वेगळे आजार आहेत. लोगोवाल्या दिवशी रात्री वीज तुटली असणार. रात्री ऑफिसचं मेन स्विच कोण बंद करतं का?

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही)

समीर सी-२०४, ११:५८
साठे काका टायपिंग दिसतंय दहा मिनिटं

साठे (खजिनदार), १२:०१
जूनच्या सभेत ठराव झाला होता की वीजबिल कमी करण्यासाठी रात्री अकरानंतर ऑफिसचं मेन बंद करावं. वॉचमनला तशी सूचना आहे. तो विसरतो बऱ्याचदा. ठराव सर्वानुमते होता, सेक्रेटरींची सही आहे. झोपलेल्या कॉम्प्युटरला वीज लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

देसाई (सेक्रेटरी), १२:०३
मी दिव्यांसाठी सही केली होती.

साठे (खजिनदार), १२:०४
ठरावात "मेन" शब्द आहे.

निनाद डी-४०३, १२:०६
आणि तीन महिने माझ्या नावाने शंख चालू होता. धन्यवाद.

मुग्धा ए-३०३, १२:१५
थांब निनाद. डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप असते, त्यात रॅममधलं डिस्कवर पण लिहून ठेवतात, वीज गेली तरी सकाळी फाइल जिथल्या तिथे उघडते. इथे ते का झालं नाही? देसाई काका, कमांडची काळी खिडकी उघडून पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश ए टाका आणि काय येतं सांगा.

देसाई (सेक्रेटरी), १२:३१
टाकलं. असा कुठलाही प्रोग्राम नाही म्हणतोय.

मुग्धा ए-३०३, १२:३२
नक्की काय टाइप केलंत?

देसाई (सेक्रेटरी), १२:३३
पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश ए

समीर सी-२०४, १२:३३
काका मराठीत टाकलंय का

देसाई (सेक्रेटरी), १२:३४
ती मराठीत लिहिते तर मी कशात लिहू

निनाद डी-४०३, १२:५०
मी खाली जाऊन टाकलं. एस३ स्लीप आहे, तीच फक्त रॅमला वीज देणारी. हायबरनेट (रॅममधलं डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणं) चालू नाही, म्हणून हायब्रिड स्लीप नाही, फास्ट स्टार्टअप पण नाही.

मुग्धा ए-३०३, १२:५२
हायबरनेट कोणी बंद केलं?

निनाद डी-४०३, १२:५८
मी. एसएसडी लहान आहे, हायबरफिल फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा खाते. एसएसडी बसवली की ते बंद करायचं असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

साठे (खजिनदार), १२:५९
धन्यवाद.

लता काकू बी-१०४, १:०५
म्हणजे साठे आणि निनाद दोघांमुळे माझं नाव बोर्डावर लागलं. ते काढा आधी.

मुग्धा ए-३०३, १:२०
आता असं करूया. एक, सगळ्या फाइल्सची कॉपी आत्ताच पेन ड्राइव्हवर. दोन, मेन स्विचवर चिकटपट्टी लावा, वॉचमनदादांना सांगा. तीन, निनाद, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून हायबरनेट चालू कर आणि तीन रात्री स्लीप न करता हायबरनेट करायचं. हायबरनेटमधून उठताना मशीन पूर्ण बूट होतं, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा प्रोग्राम, डिस्कला नव्याने उठवतो, मग विंडोज डिस्कवर लिहून ठेवलेलं वाचून रॅममध्ये परत आणतं. तिथे नीट चालून फक्त स्लीपमध्ये बिघडलं तर उठण्याच्या वाटेवरच गडबड आहे. हायबरनेटमध्ये पण बिघडलं तर डिस्क किंवा रॅम दोन्हीकडे बघावं लागेल. आणि देसाई काका, काम झालं की सेव्ह करा. फाइल उघडी ठेवून झोपवणं म्हणजे... असो.

देसाई (सेक्रेटरी), १:२४
मग स्लीप असते कशाला?

गुरुवार

देसाई (सेक्रेटरी), ९:०३
तीन रात्री हायबरनेट. तिन्ही सकाळी व्यवस्थित. उठायला जरा वेळ लागतो, आमच्यासारखंच. आज रात्री स्लीप.

गोखले आजोबा, ९:१०
डीफ्रॅग केल्यामुळे असेल.

निनाद डी-४०३, ९:११
कोणी केलेलं नाही आजोबा

शनिवार

देसाई (सेक्रेटरी), ८:५०
काल ठीक होता, आज निळी. फोटो काढलाय. कर्नल डेटा इनपेज एरर, आणि ० टक्के कम्प्लीटवर दहा मिनिटं बसलाय, पुढे सरकतच नाही.

मुग्धा ए-३०३, ८:५५
बरोब्बर. डिस्कवरून रॅममध्ये पान, म्हणजे डेटाचा तुकडा, आणायला गेलं आणि आणता आलं नाही, असा अर्थ. ० टक्क्यावर अडकतो कारण डंप लिहायला डिस्कच नाही. आता फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतला प्रोग्राम, बघू. एसएसडीत असे घोटाळे जुने आहेत. २०१२ मध्ये क्रुशलच्या एम४ डिस्क एकूण ५१८४ तास चालल्या की त्यानंतर दर तासाला अडकायच्या, नवीन फर्मवेअर टाकल्यावर थांबलं, डिस्क फेकावी लागली नाही. निनाद, आपल्या डिस्कला अपडेट आहे का बघ. बॅकअप घेऊनच कर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

साठे (खजिनदार), ९:०२
डिस्क परत करता येते का हा माझा साधा प्रश्न आहे.

समीर सी-२०४, ९:०४
मेन स्विच परत करता येतो का बघा आधी

साठे (खजिनदार), ९:०५
समीर, तुझ्या वडिलांशी बोलतो.

निनाद डी-४०३, संध्याकाळी ६:४०
झालं. फर्मवेअर दोन आवृत्त्या जुनं होतं, कंपनीच्या यादीत स्लीपमधून उठताना डिस्क न सापडण्याबद्दल एक ओळ आहे, हेच ते. नवीन टाकलं. हात लावलाच आहे तर बायोसमध्ये रॅमचा वाढवलेला वेग मूळ केला, लिंक पॉवर मॅनेजमेंट (डिस्कच्या जोडणीची वीज वाचवणं) बंद केलं, आणि विंडोजमध्ये ठरावीक वेळाने हार्ड डिस्क बंद करण्याचं होतं ते कधीच नाही करून ठेवलं.

मुग्धा ए-३०३, ६:४३
निनाद. एक. गोष्ट.

निनाद डी-४०३, ६:४४
अगं चाललं म्हणजे झालं ना

मुग्धा ए-३०३, ६:४५
परत बिघडलं तर यातलं काय राहिलं, काय गेलं, हे तूच शोध. मी नाही येणार खाली.

पुढचा शनिवार

देसाई (सेक्रेटरी), ९:२०
सात रात्री स्लीप. एकदाही निळी नाही. हायब्रिड पण चालू आहे, बुधवारी वॉचमनने सवयीने मेन पाडलं तरी सकाळी फाइल तशीच उघडली. निनाद आणि मुग्धाचे आभार. ठराव दुरुस्त करून "दिवे व पंखे" असा करण्याचा विषय पुढच्या सभेत घेऊ.

साठे (खजिनदार), ९:२८
विषय सूचीत घालायला सात दिवस आधी लेखी द्यावं लागतं. निनादने मेहनत घेतली हे मान्य आहे.

निनाद डी-४०३, ९:२९
स्क्रीनशॉट काढून ठेवला

गोखले आजोबा, ९:३५
छान. डीफ्रॅगचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

देसाई (सेक्रेटरी), ९:४०
आणि लता वहिनींची पावती नोंदवली आहे, थकबाकीच्या यादीतून नाव काढलं.

लता काकू बी-१०४, ९:५२
आत्ता खाली जाऊन बघून आले. आहे अजून.