पामेरियन, स्पिट्झ, शित्झू आणि घरभर केस: अनुभव धागा

सोफ्यावर केस, वरणात केस, ऑफिसच्या काळ्या पँटवर केस. लांब केसांचं छोटं कुत्रं ज्यांच्या घरी आहे त्यांना जास्त सांगायला नको. गळती बंद करणारं औषध कुणी सुचवू नका, तसलं काही नसतं. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा: साधनं, प्रमाण, कुठे बिघडतं आणि का. जात आणि गाव जरूर टाका, नागपूरची हवा वेगळी आणि रत्नागिरीची वेगळी. आपल्याकडे सर्रास पामेरियन म्हणतात ते बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतं. केसांची निगा दोघांची एकच, तेव्हा त्यावरून भांडण नको.

पेठेतला पाहुणा (इंडियन स्पिट्झ, पुणे)

स्पिट्झच्या अंगावर दोन थर असतात: वरचे लांब राठ केस आणि आतली दाट मऊ लव. घरभर उडते ती मुख्यतः लव. वरवर ब्रश फिरवला की कुत्रं चकचकीत दिसतं, पण सुटलेली लव आतच अडकून राहते आणि पुढचे चार दिवस झिरपत बाहेर येते. म्हणून ओळीओळीने विंचरायचं.

साधनं तीन. पिन ब्रश (सरळ लांब पिनांचा), स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि अर्धे दात विरळ, अर्धे दाट असलेला स्टीलचा कंगवा. स्प्रेच्या बाटलीत 250 मिली पाणी आणि चमचाभर कुत्र्यांचा कंडिशनर. केस कोरडे असताना विंचरले तर तुटतात, शिवाय उडतात.

कुत्र्याला कुशीवर झोपवा. मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा. डाव्या हाताने केस वर दाबून धरायचे, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. हलका फवारा मारून त्या रेघेखालचे केस खाली विंचरायचे. मग अर्धा इंच वर पुढची रेघ. असं मांडी, बरगड्या, खांदा, मान. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच ती बाजू झाली. स्लिकर मनगटाने हलका चालवा, जोर खांद्यातून आला की कातडी लाल होते. किती दाबायचं ते आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा.

एरवी आठवड्यातून तीनदा पुरतं. लव सुटायच्या मोसमात रोज. आपण रात्री उशिरापर्यंत दिवे जाळतो, त्यामुळे घरातल्या कुत्र्यांचा मोसम नीट ठरत नाही, थोडं थोडं वर्षभर चालू असतं. मादीची नसबंदी झाली नसेल तर माजानंतर दोन-तीन महिन्यांनी आणि बाळंतपणानंतर भसाभस केस जातात. पिल्लू साधारण चार ते सहा महिन्यांचं असताना बाळकेस टाकतं आणि मधल्या काळात अगदी बावळट दिसतं. घाबरू नका.

खारुताई (शित्झू, ठाणे)

आमच्या जातीचे केस जमिनीवर कमी पडतात. गळलेला केस शेजारच्या केसांत अडकतो आणि गाठ होते. जागा ठरलेल्या: कानामागे, काखेत, हार्नेसच्या (छातीभोवती बांधायच्या साजाच्या) पट्ट्याखाली, मांड्यांच्या मागे. घरात असताना हार्नेस काढून ठेवला तर अर्ध्या गाठी होतच नाहीत.

गाठ झालीच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी फाका वेगळ्या करा आणि कंगव्याच्या टोकाने बाहेरून आत या. मुळाशी चिमटीत धरून ठेवा म्हणजे कातडी ओढली जात नाही. सुटत नसेल तर गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि कात्री कंगव्याच्या बाहेरच चालवा. कंगवा न घालता कापायला जाऊ नका, गाठीबरोबर कातडी वर उचलली जाते आणि टाके पडतात. अंघोळीआधी गाठी सोडवा, ओली गाठ वाळताना आणखी घट्ट होते.

संत्रानगरी (पामेरियन, नागपूर)

उन्हाळा आला की पार्लरवाले सांगतात, "झिरो मशीन मारून टाकू, थंड वाटेल." स्पिट्झ-पामेरियनला हे करू देऊ नका. लव काढून वरचे केस ठेवले तर मधून हवा खेळते, आणि तेच केस ऊन अडवतात. सपाट भादरल्यावर गुलाबी कातडी उन्हात भाजते. शिवाय या जातींत भादरलेली जागा कधी कधी महिनोन् महिने भरत नाही, किंवा लव आधी येते आणि वरचे केस विरळच राहतात. एवढंच कापून घ्या: पंज्याच्या गाद्यांमधले केस, शेपटीखालचा भाग, पोटाचा खालचा पट्टा. पात्याचं डिशेडिंग हत्यार (सुटलेली लव ओढून काढणारं) वापरत असाल तर महिन्यातून एकदा, दोन-चार हात, बस. रोज ओढलं की ते वरचे केसही कापतं.

पेठेतला पाहुणा

भादरण्याबद्दल सहमत. माल्टीजला लव नसल्यातच जमा. शित्झू-माल्टीजचे केस आखूड केलेले चालतात. ही गल्लत पार्लरमध्येही होते.

गावाकडची कौलं (इंडियन स्पिट्झ, रत्नागिरी)

पावसाळ्यात खरी मेख वाळवण्यात आहे. वरून कोरडं दिसतं, आत लव ओली. दोन दिवसांत कुबट वास, खाज, आणि एखाद्या जागी चिकट लाल चट्टा.

तीन-चार आठवड्यांनी एक अंघोळ पुरे. आधी पूर्ण विंचरा. शाम्पू कुत्र्यांचाच घ्या. एक भाग शाम्पू, दहा भाग कोमट पाणी, मगमध्ये फेटून घ्या, म्हणजे आतपर्यंत पोचतो आणि धुतलाही जातो. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळून धुवा, शाम्पू राहिला तर पुन्हा खाजच. टॉवेल चोळायचा नाही, दाबून पाणी टिपायचं. मग ड्रायर गार किंवा अगदी कोमट ठेवून, वीतभर लांबून, वाऱ्याने केस दुभंगतील तिथेच ब्रश. सुटलेली लव याच वेळी सगळ्यात जास्त निघते. शेवटी छातीच्या आणि मांडीच्या केसांत बोटं मुळापर्यंत घाला. गार लागलं तर अजून ओलं आहे.

चमचाभर (पामेरियन, डोंबिवली)

दूध-पोळी आणि दहीभातावर वाढणाऱ्या कुत्र्याचे केस राठ होऊन गळणारच. केस म्हणजे प्रथिनं, ती ताटात हवीत. उकडलेलं अंडं, चिकन किंवा चांगलं तयार खाणं. कच्चं अंडं नको, पांढऱ्या भागामुळे बायोटिन अंगी लागत नाही. कांदा-लसूण असलेली आमटी तर अजिबात नको.

फिश ऑइलची साधी 1000 मिग्रॅची कॅप्सूल घेतली तर तिच्यात कामाची ओमेगा-3 मेदाम्लं, म्हणजे ईपीए आणि डीएचए, मिळून साधारण 300 मिग्रॅ असतात. पाच किलोच्या कुत्र्याला रोज एवढं चालतं, पण डॉक्टरांना विचारून. पहिला आठवडा एक दिवसाआड द्या, नाहीतर जुलाब होतात. फरक दिसायला सहा-आठ आठवडे. कॉडलिव्हर तेल त्याऐवजी नको, जीवनसत्त्व अ आणि ड जास्त होतं. जवसाबद्दल बरेच जण विचारतात: कुत्र्याच्या शरीरात त्यातलं फारच थोडं ईपीए-डीएचएमध्ये बदलतं.

हडसनकाठ (पामेरियन, न्यू जर्सी)

हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी, कोंडा आणि केस दोन्ही वाढतात. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास ठेवा. बिछाना गरम हवेच्या जाळीपासून लांब.

गोचीडमार (इंडियन स्पिट्झ, नाशिक)

साध्या गळतीत टक्कल पडत नाही, हे लक्षात ठेवलं की बाकी सोपं. शेपटीच्या मुळाशी चावून चावून केस गेले असतील तर पिसवा. पांढऱ्या ओल्या कागदावर कंगवा झटका, काळे कण विरघळून तांबूस डाग पडला की खात्री. गोल चट्टे असतील तर गजकर्ण असू शकतं, ते माणसालाही होतं, हातमोजे घाला. दोन्ही कुशींना सारखंच विरळ होत असेल, खाज नसेल, आणि वजन वाढतंय किंवा पाणी खूप पितंय, तर थायरॉइड आणि कुशिंगच्या (कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याच्या आजाराच्या) तपासण्या. तरुण नर पामेरियनचे मांड्यांचे आणि धडाचे केस जाऊन कातडी काळी पडत असेल, तर अलोपेशिया एक्स नावाचा प्रकार असतो. बाकी आजार वगळल्यावरच डॉक्टर ते नाव घेतात.

केरसुणी (इंडियन स्पिट्झ, विरार)

घराचं थोडं. विंचरताना पंखा बंद. बाल्कनीत नको, खालच्यांच्या वाळवणावर केस जातात आणि सोसायटीत पत्र येतं. बाथरूममध्ये करा, मोरीच्या जाळीवर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून बसवा. सोफ्यावर किंचित ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवा, केसांची वळी होते. केसाळ कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी कोरडेच झटका, ओला केस कापडाला चिकटतो आणि पंपाच्या फिल्टरमध्ये बोळा होऊन बसतो. तो फिल्टर महिन्यातून एकदा उघडा, खाली ताट ठेवून, कारण पाणी येतं. एसीची जाळी पंधरा दिवसांनी.