मदत हवी आहे: शेतावरच्या शाळेतल्या बोकडांचं काय करायचं?

मंडळी नमस्कार,

मी शाळांमध्ये समुपदेशक आहे, बायको विशेष शिक्षिका. जुन्नर तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, सात-बारा नावावर आहे. वर्गात न टिकणाऱ्या मुलांसाठी तिथे शाळा काढायची आहे. मारामाऱ्या करणारी, घरात मारहाण बघत वाढलेली, आई किंवा बाप अचानक गेल्यापासून बोलणंच टाकलेली मुलं. वय साधारण ८ ते १४. सकाळी जनावरांचं काम, मग अभ्यास, आणि ठरलेल्या दिवशी समुपदेशन.

कल्पना आमची नाही. न्यूयॉर्कजवळ ब्रूस्टरला ग्रीन चिमनीज नावाची शाळा १९४७ पासून शेतावर चालते. सॅम्युएल रॉस यांनी काढली तेव्हा ती लहान मुलांची साधी निवासी शाळा होती, १९७०च्या दशकात ती मानसिक त्रासातल्या मुलांकडे वळली. तिथे जखमी वन्य पक्ष्यांवरही उपचार करतात आणि बरे झाले की सोडून देतात. जीव लावलेलं पाखरू निघून गेलं तरी त्यात वाईट काही नसतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. नेमकं इथेच माझं गाडं अडलंय.

कारण आमच्याकडचं जनावर जाईल ते बाजारात. उस्मानाबादी शेळ्या घ्याव्यात असं मनात आहे. काटक जात, आपल्या हवेतली, आणि पुष्कळदा जुळी देणारी. पाच महिन्यांत शेळी विते, म्हणजे कळप बघता बघता दुप्पट. पाटी (माद्या) ठेवता येतील, पण बोकड विकावेच लागतात, शेळीपालनाचा हिशेबच त्यांच्यावर जमतो. आता ज्या पोराने करडाला बाटलीने दूध पाजलं, नाव ठेवलं, त्याला बकरी ईदच्या आधी एका सकाळी दावं रिकामं दिसलं तर? ज्याचा बाप न सांगता निघून गेला, त्याच्याशी आपणही तेच केलं की! खोटं सांगायचं नाही, एवढं आमचं ठरलंय. पण खरं कोणत्या वयाला आणि कसं सांगायचं? काका म्हणतात, "शेतकऱ्याची पोरं हे बघतच मोठी होतात ना?" होतात. त्यांचं घर मात्र जागेवर असतं. (गाय घ्यावी तर वेगळाच पेच. २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून गोऱ्हा कत्तलीला जात नाही, पण तो जन्मभर पोसायचा कुणी?)

दुसरी अडचण बिबट्या. चहूबाजूंनी ऊस आहे, त्यात शेळ्या म्हणजे त्याला आवतणच. गोठा वरूनही जाळीबंद करणार आहोत, पण मुलं मुक्कामी ठेवावीत का? नेदरलँड्समध्ये अशी शेकडो शेतं आहेत आणि तिथे बरीचशी मुलं दिवसापुरती किंवा शनिवार-रविवारी येतात. बायकोचं मत तसंच करावं असं आहे. मला निवासी हवी, कारण काही घरांत खरा त्रास दिवेलागणीनंतरच सुरू होतो.

आणि जनावराला मारणारं मूल आलं तर? येणारच. त्याला लांब ठेवायचं तर शाळा कशाला काढायची, आणि जवळ न्यायचं तर शेळीने काय पाप केलंय?

कुत्र्याच्या गळ्यात पडून हसणाऱ्या मुलांचे व्हिडिओ कृपया पाठवू नका, भरपूर बघितलेत. ज्यांनी गोठा किंवा बालगृह चालवलंय त्यांनी लिहा.

प्रतिसाद (गुरांचा डॉक्टर):
मुळात शेळ्या विऊ देताच कशाला? तुम्हाला धंदा करायचा नाही ना, मग खच्ची (नसबंदी केलेले) बोकड पाळा. वास मारत नाहीत, अंगावर येत नाहीत, दहा वर्षं सहज जगतात. खुराक मात्र बेताने. दाणा जास्त झाला की मुतखडा होऊन लघवी तुंबते आणि जनावर दगावतं. अगदी लहानपणी खच्ची केलेला घेऊ नका, त्याला हा त्रास जास्त. पीपीआरची (शेळ्यांच्या साथीच्या जीवघेण्या रोगाची) लस द्या, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन शेळी अचानक मरते, त्या रोगाची). मावा (तोंडावर फोड-खपल्या येणारा रोग) आलेली शेळी मुलांच्या हाती देऊ नका, तो माणसाच्या हातालाही होतो. करडं हवीच असतील तर विताना मुलांना लांबून बघू दे, वार (विल्यावर पडणारी झार) उघड्या हाताने उचलायला लावू नका. त्यातून होणारा ब्रुसेलोसिस हा तापाचा रोग माणसाला सोडत नाही. कुत्रा-मांजर असेल तर दरवर्षी रेबीजची लस. आजारपणाने एखादं जनावर मरेलच, ते टळणार नाही. विक्री मात्र टाळता येईल.

प्रतिसाद (बालगृहाचा माजी अधीक्षक):
बायकोचं ऐका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं मुक्कामी ठेवायची तर २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी, बालकल्याण समिती (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती), प्रत्येक मुलाची फाईल, रात्रपाळीची माणसं, सगळं आलं. दोघांच्या आवाक्यातलं नाही. घरी मारहाण होत असेल तर मूल समितीपुढे न्या, तुमच्या माळ्यावर झोपवणं हा त्यावर उपाय नाही.

गोठ्याला गडी ठेवा. १४ खालच्या मुलांना राबवता येत नाही, आणि एखाद्या दिवशी मूल रुसून बसलं तरी शेण निघालंच पाहिजे.

मारकं मूल मी पुष्कळ बघितलंय. त्याला आधी जनावर देऊ नका, जनावराचं काम द्या. पाणी भरणं, गव्हाणीत चारा टाकणं, तेही कुंपणाबाहेरून, शेजारी मोठं माणूस कायम. बोकड आपणहून त्याच्याकडे यायला लागला की मग आत. आणि गोठ्यात एक कोपरा असा हवा, जिथे कुठल्याच मुलाने जायचं नाही. जनावराला कंटाळा आला तर त्याने जायचं कुठे?

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. खच्ची बोकडांचं पटलं, निवासीचा हट्टही तूर्त सोडतो. पण करडं नाहीत म्हणजे विक्री नाही, आणि लेंडीखत विकून खुराकाचेही पैसे सुटायचे नाहीत. गड्याचा पगार वेगळा. फी लावली तर ज्या मुलांसाठी हे चाललंय त्यांच्याच घरी ती परवडणार नाही. आसपासच्या शाळांशी करार करून त्यांची मुलं ठरावीक दिवशी शेतावर आणायची आणि पैसे शाळेने द्यायचे, असं कोणी केलंय का? शाळा कशाला तयार झाली आणि कशाला अडून बसली, तेवढं सविस्तर लिहा.