होलारचा १६४० मधील चषक: प्रत मूळ पत्र्यावरची आहे का, हे ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. प्रागमध्ये जन्मलेल्या वेन्सेस्लाऊस होलार या चित्रकाराने १६४० मध्ये लंडनमध्ये केलेल्या एका अम्लरेखनाची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेल्या चित्राची, प्रत माझ्याकडे आहे. कॅथलिक मिस्साविधीत द्राक्षारसासाठी वापरला जाणारा, पायापासून काठापर्यंत लहान लहान मानवाकृतींनी आणि नक्षीने भरलेला चषक हा तिचा विषय आहे. ही प्रत होलारच्या तांब्याच्या पत्र्यावरूनच छापलेली आहे, की एकोणिसाव्या शतकातली नक्कल आहे, हे मला ठरवायचे आहे.

चित्राखालच्या लॅटिन मजकुरात होलारसोबत आंद्रेया मान्तेन्या या इटालियन चित्रकाराचे आणि अरुंडेलच्या संग्रहाचे नाव आहे. अरुंडेलचे अर्ल थॉमस हॉवर्ड यांची आणि होलारची गाठ १६३६ मध्ये कोलोनला पडली. त्यांच्याबरोबर तो लंडनला आला आणि त्यांच्या संग्रहातली चित्रे व रेखाटने तांब्यावर उतरवू लागला. त्यामुळे हा चषक त्याने समोर ठेवून काढलेला नाही. १५०६ मध्ये वारलेल्या मान्तेन्याच्या नावावर असलेल्या एका जुन्या रेखाटनावरून तो घेतलेला आहे. ज्या इंग्लंडमध्ये त्या काळी सामान्य माणसाला मिस्सा करणे कायद्याने बंद होते, तिथे मिस्साचे हे पात्र इतक्या निष्ठेने रेखले गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सोन्याची झळाळी दाखवायला होलारजवळ काळ्या शाईखेरीज काही नव्हते, म्हणून जिथे प्रकाश पडतो तिथे त्याने कागद कोरा सोडला आहे.

आता मुख्य अडचण सांगतो. भिंगातून पाहिले असता कुठेही ठिपके दिसत नाहीत, त्यामुळे ही बारीक ठिपक्यांनी चित्र छापणाऱ्या पद्धतीची छापखान्यातली प्रतिकृती नाही, एवढे निश्चित. रेषांची टोके बोथट आहेत, शाई कागदावर किंचित उठून आलेली बोटाला जाणवते आणि उजेडासमोर धरल्यावर कागदात समांतर रेघांची जाळी दिसते. परंतु छायाचित्रावरून तांब्याचा पत्रा आम्लाने कोरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली होती आणि तशा पत्र्यावरची छपाईही अशीच उठावदार येते. जुना कागद मिळवून त्यावर नक्कल छापणेही अशक्य नव्हते. पत्र्याच्या कडेचा दाब पाहावा, तर कागद चित्राच्या अगदी कडेपर्यंत कापलेला आहे. शिवाय चषकाच्या पायाजवळच्या बारीक छायारेषा फिकट आणि तुटक उमटल्या आहेत. ही पत्रा झिजल्याची खूण मानावी, की छायाचित्रणात नाजूक रेषा हरवल्याची? माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे, कारण जाड रेषा मात्र कुठेही फुगलेल्या किंवा पसरलेल्या नाहीत.

प्रत मागून एका पुठ्ठ्याला चिकटवलेली आहे आणि पुठ्ठ्याचा तपकिरी रंग कागदात उतरू लागला आहे. पावसाळ्यापूर्वी ती सोडवून घ्यावी, असे वाटते. हे काम जाणकार संवर्धकाकडूनच व्हायला हवे, हे मला मान्य आहे. मात्र पुठ्ठा काढताना कागदाच्या मागच्या बाजूचे कोणते पुरावे, म्हणजे जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटलेली, उजेडासमोर दिसणारी खूण), जुने शिक्के किंवा हस्ताक्षर, आधी नोंदवून ठेवायला सांगावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

एक छोटा प्रश्न वसईकडच्या वाचकांसाठी आहे. मराठी बायबलमध्ये ‘प्याला’ येतो आणि मी इथे ‘चषक’ लिहिले आहे, पण तुमच्या चर्चमध्ये वेदीवरच्या या पात्राला बोलताना काय म्हणतात?

टोरोंटो विद्यापीठाच्या थॉमस फिशर ग्रंथालयात होलारच्या कामाचा मोठा संग्रह आहे आणि त्याची चित्रे संगणकावर पाहता येतात. ती मी ताडून पाहिली, पण पडद्यावर रेषेची खोली कळत नाही. तिथे किंवा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या चित्राची तिथली प्रत प्रत्यक्ष पाहणे कोणाला शक्य असेल, तर चषकाच्या पायाजवळची डावी छायारेषा सलग आहे की तुटक, एवढे पाहून कळवावे, ही विनंती.