अक्कलदाढेला ‘जंतुरोधक’ टाके: गरज की बिलात भर?

खवट_काका:
भाचीची खालची अक्कलदाढ आडवी आहे, काढायची आहे. खर्चाच्या कागदावर ‘अँटिबॅक्टेरियल टाके’ असं वेगळं कलम. म्हणजे ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा थर दिलेला विरघळणारा दोरा. माझं स्पष्ट मत: तोंडात याचे पैसे वाया. अहो, पोटाच्या शस्त्रक्रियांतच फरक दिसला नाही! २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली फाल्कन चाचणी बघा. भारतासह ७ देश, ५,७८८ रुग्ण. साधा दोरा काय नि हा काय, जखमा सारख्याच चिघळल्या. मग दिवसभर लाळ आणि चहा वाहणाऱ्या ठिकाणी हा थर काय दिवे लावणार?

टाकेवाला_डॉक्टर:
काका, एका चाचणीवर निकाल देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये, शस्त्रक्रिया कुठलीही असो, हे दोरे वापरावेत असं सुचवलंय. काळा रेशमी दोरा कधी आठवड्याने काढून बघितलाय? विणलेला असतो, लाळ वातीसारखी आत चढते, वर अन्नाचा लगदा. विक्रिल हा विरघळणारा दोराही विणलेलाच. त्यावर जंतू बसू नयेत एवढंच या थराचं काम. आणि ट्रायक्लोसान तोंडात चालत नाही म्हणता? टूथपेस्टमध्ये ते वर्षानुवर्षं होतं, हिरड्यांना फायदाही दिसला होता.

खवट_काका:
२०१६ म्हणजे फाल्कनच्या आधी. शिफारसही सशर्त. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, हेच रसायन घरगुती साबणांतून हद्दपार केलं, ते का सांगत नाही?

टाकेवाला_डॉक्टर:
कारण तो मुद्दा साबणाचा. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहे, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. टाक्यांवर बंदी नाही.

चहाबिस्कीट:
मला टाके काढायचीच धास्ती. आपोआप विरघळतोय ना, मग थर असो नाहीतर नसो, मी पैसे देईन.

पेट्रीडिश:
दोघेही मूळ प्रश्न सोडून भांडताय. हे दोरे प्रामुख्याने त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकस जंतूला डोळ्यांपुढे ठेवून तपासले गेले. दाढेच्या खड्ड्यात स्ट्रेप्टोकॉकस आणि हवेविना वाढणाऱ्या जंतूंची मिश्र वस्ती असते. ट्रायक्लोसान जंतूंच्या मेदाम्ल (फॅटी अ‍ॅसिड) बनवणाऱ्या एका विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं. काही जंतूंकडे त्याला पर्यायी विकर असतं, तिथे घाव फुकट. शिवाय दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी ठणका लागतो तो बहुतेकदा ड्राय सॉकेटचा. रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. त्यात दोरा काय करणार? तंबाखू-सिगारेट बंद ठेवा, पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नका. या बिनपैशाच्या सूचना क्लिनिकमध्ये घाईघाईत उरकतात, याचा मला जास्त राग येतो.

टाकेवाला_डॉक्टर:
जंतूंचं मान्य. पण टाक्यात कपात करून पाच दिवस अँटिबायोटिक लिहिणारे आहेत, त्यांचं काय? वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०२१ चा आढावा सांगतो की दाढ काढताना एक संसर्ग टाळायला साधारण १९ निरोगी माणसांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. १८ जणांच्या पोटात उगीच गोळ्या. त्यापेक्षा औषध दोऱ्यापुरतं राहिलेलं बरं.

खवट_काका:
‘बरं’ हे तुम्ही गृहीत धरताय. या दोऱ्याने अँटिबायोटिक वाचतं, हे दाढेच्या रुग्णांत दाखवा. ते जाऊ दे, भाचीने साधा विक्रिल मागितला तर द्याल?

टाकेवाला_डॉक्टर:
निरोगी असेल तर देईन, कुरकुर न करता. साखर चढलेली असेल किंवा जबड्याला किरणोपचार झालेले असतील तर मात्र थराचाच घेईन, आणि त्याचे वेगळे पैसे लावणार नाही.