रूट भरलं तेव्हा जागा गेली कुठे होती?

लिनक्सचं रूट पार्टिशन (सिस्टम जिथे बसलेली असते तो डिस्कचा भाग) शंभर टक्के भरलं की मशीन सरळ तसं सांगेलच असं नाही. पासवर्ड बरोबर टाकूनही डेस्कटॉप येत नाही, लॉगिनचाच पडदा पुन्हा समोर येतो. टर्मिनलमध्ये टॅब दाबावं तर बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) तात्पुरती फाइल बनवता येत नाही म्हणून कुरकुरतं. काय काय डिलीट करता येतं याच्या याद्या ढिगाने मिळतात, त्या इथे नकोत. तुमची जागा नक्की कशाने खाल्ली होती आणि ते कसं सापडलं, ते लिहा.

*

सर्व्हर होता. डीएफ (डिस्कची शिल्लक जागा दाखवणारी कमांड) म्हणतंय डिस्क भरली, आणि डीयूने (फोल्डरांचे आकार मोजणारी कमांड) सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर निम्मीसुद्धा होत नाही. या दोघांचं जमत नसेल तर आधी एलएसओएफला (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) '+एल1' देऊन बघा, म्हणजे डिलीट होऊनही उघड्या राहिलेल्या फाइली दिसतात. आमच्याकडे यादीत पहिलीच ओळ एका भल्यामोठ्या लॉगची (प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती फाइल), पुढे 'डिलीटेड' असा शेरा. कुणीतरी जागा करायला म्हणून चालू सर्व्हिसचा लॉग आरएम कमांडने डिलीट केला होता. फोल्डरमधून नाव गेलं, पण प्रोसेसने फाइल उघडी धरलेली, त्यामुळे एक बाइटही मोकळा झाला नाही. उलट ती त्यातच लिहीत राहिली. आता ती फाइल दिसेना, म्हणून कुणाला संशयही येईना.

सर्व्हिस रीस्टार्ट केली की काम झालं असतं, पण भर गर्दीच्या वेळी ते शक्य नव्हतं. मग प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती देणारं फोल्डर) त्या प्रोसेसच्या नंबराखाली तिच्या उघड्या फाइलींचं एफडी फोल्डर असतं, तिथून तीच फाइल रिकामी केली. डीएफचा आकडा जागच्या जागी उतरला. चालू लॉगला आरएम लावू नका, ट्रंकेटने शून्य करा.

*

आर्च लिनक्सवाल्यांनो, सॉफ्टवेअर बसवणारा पॅकमॅन डाउनलोड केलेली जुनी पॅकेजेस आपणहून कधीच काढून टाकत नाही. पॅककॅश चालवा, शेवटच्या ३ आवृत्त्या ठेवून बाकीच्या उडवतं.

*

माझ्याकडे उलटं. डीएफ भरपूर जागा दाखवतंय आणि रिकामी फाइल बनवणारी साधी टच कमांडसुद्धा 'जागा नाही' म्हणतेय. डीएफला '-आय' दिल्यावर कळलं, जागा होती, आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी एक नोंद) संपले होते. पीएचपीच्या सेशन फाइली (वेबसाइटवर आलेल्यांच्या तात्पुरत्या नोंदी) साफ करणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद पडलेलं, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये बारक्या फाइलींचा महापूर. फाइलींची यादी बघायला एलएस मारलं तर ते अडकूनच बसलं, कारण सगळी नावं गोळा करून क्रम लावल्याशिवाय ते काही दाखवत नाही. आरएमला तारा (म्हणजे 'सगळ्या फाइली') दिला तर 'यादी फार लांब' म्हणून नकार. फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडच्या '-डिलीट'ने निस्तरलं.

ईएक्सटी4 या फाइलसिस्टममध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) आयनोड फॉरमॅट करतानाच ठरतात, नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक. नंतर वाढवायचे तर फाइलसिस्टमच मोठी करावी लागते.

*

रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट. बाहेरची डिस्क माउंट झाली नव्हती (तिच्या फोल्डरला जोडली गेली नव्हती), स्क्रिप्टला त्याचं काय! तिने त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूटवरच, सगळं ओतलं. सकाळी डिस्क माउंट झाली आणि तो ढीग तिच्याखाली झाकला गेला. डीयूला दिसेना, एलएसओएफमध्येही काही नाही. रूट दुसरीकडे बाइंड माउंट करून (तेच दुसऱ्या फोल्डरमध्येही दिसेल असं जोडून) तिथून डीयू चालवल्यावर चोर सापडला. आता स्क्रिप्टची पहिली ओळ माउंटपॉइंट कमांडने तपासणी करते. डिस्क नसेल तर तिथेच थांबते.

*

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत, म्हणजे स्वतंत्र कप्प्यांत, चालवणारं साधन) असलं की जो तो सिस्टम प्रून (वापरात नसलेलं काढून टाकणारी कमांड) मारायला सांगतो. माझ्या बाबतीत त्याने जेमतेम जागा सुटली. एका बडबड्या कंटेनरचा जेसन लॉग वाढत गेला होता, आणि त्या लॉगला मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. 'मॅक्स-साइझ' घातलं आणि कंटेनर नव्याने बनवला, कारण चालू कंटेनरला ते लागू होत नाही. प्रूनला व्हॉल्यूमचा (कंटेनरचा डेटा ठेवायची जागा) पर्याय जोडण्याआधी मात्र दहादा विचार करा, डेटाबेस तिथेच असू शकतो.

*

डीएफमध्ये 'शिल्लक शून्य' दिसतं, पण वापरलेली जागा एकूण आकारापेक्षा कमी भरते, ही चोरी नव्हे. ईएक्सटी4 ५ टक्के जागा रूट युजरसाठी (सगळे अधिकार असलेला युजर) राखून ठेवतं; ५० जीबीवर अडीच जीबी. ट्यून2एफएस कमांडने ती कमी करता येते असं लोक उत्साहाने सांगतात. नुसत्या डेटाच्या पार्टिशनवर खुशाल करा. सिस्टमच्या पार्टिशनवर माझा विरोध आहे: सगळं भरल्यावरही रूट म्हणून आत शिरून साफसफाई करता येते ती याच राखीव जागेमुळे. त्यापेक्षा जर्नलला (सिस्टमच्या स्वतःच्या लॉगला) लगाम घाला. ते फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत, कमाल ४ जीबी वाढतं. जर्नलसीटीएल कमांडचं व्हॅक्यूम लगेच जागा देतं, कायमची मर्यादा जर्नलडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये घालावी लागते.

*

बीटीआरएफएस या फाइलसिस्टमवर असाल तर आधी स्नॅपशॉट (एखाद्या क्षणी फाइली जशा होत्या तशी जपलेली स्थिती) बघा. मी मोठमोठ्या फाइली उडवत होतो आणि डीएफ ढिम्म, कारण स्नॅपशॉटने त्या धरून ठेवल्या होत्या. जुने स्नॅपशॉट काढले, तरी आकडा लगेच हलला नाही. ती सफाई मागे सावकाश चालते. तेवढ्यात घाबरून आणखी काही डिलीट करू नका.